आई राहते कुठे

हॅलो? … हॅलो, कोण? छोटी? … हां, बोल. जरा मोठ्याने बोल गं, इथे माणसांचा नुसता बाजार भरलाय. … पालिकेत. घरपट्टीच्या खिडकीसमोर. … कुठल्या म्हणजे? आमच्या. कालव्याच्या अलीकडच्या. तुमच्या पालिकेत पाय ठेवायची माझी काय ऐपत? तुमच्याकडे म्हणे गादीच्या खुर्च्या आहेत बसायला. आमच्याकडे एक बाक आहे, त्याच्या एका पायाखाली वीट आहे, आणि त्याच्यावर आत्ता आपली आई बसलीय.

… हो, आई. सोबत आणलीय. … का म्हणजे काय? पुरावा म्हणून.

… अगं ऐक ना. आधी ऐकून तर घे. मागच्या आठवड्यात, मंगळवारी, मी सवलतीचा अर्ज घेऊन आले होते की नाही? सत्तरीच्या पुढचं मालक माणूस स्वतः घरात राहत असेल तर निम्मी घरपट्टी माफ, तो. घर आईच्या नावावर. आई अठ्ठ्याहत्तरची. आई घरात. यात चुकायला जागा कुठे आहे, तू सांग. तर खिडकीतल्या साहेबांनी कम्प्युटरात बघितलं आणि म्हणाले, बाई, तुमच्या आई या घरात राहत नाहीत.

… हो. असंच. तोंडावर. मी म्हटलं, मग रोज सकाळी सहा वाजता चहात साखर कमी पडली म्हणून मला उठवते ती कोण? … नाही हसले. त्यांना हसायचा पगार मिळत नसावा. म्हणाले, रेकॉर्डला दिसत नाही, हरकत नोंदवा, पुढच्या गुरुवारी सुनावणी. म्हणून आज आणलीय. घ्या म्हणावं, बघा, हात लावून बघा.

… तीन जिने चढलो. लिफ्ट बंद. दुरुस्ती चालू आहे अशी पाटी लावलीय, त्या पाटीवर बोटभर धूळ. दर सहा पायऱ्यांनी आई थांबायची, गुडघ्यावर हात ठेवायची आणि मलाच विचारायची, तू दमलीस का?

… टोकन? एकेचाळीस. आत्ता छत्तीस चालू आहे. … का गं?

… घरी जाऊ? का घरी जाऊ? दुकान बंद ठेवून आलेय मी. दोन फ्रेमा आज द्यायच्या होत्या, काचा कापून टेबलावर तशाच पडल्यात. आणि तू म्हणतेस घरी जा. … नंतर कधी? हरकतीची सुनावणी आज आहे. आज नाही तर वर्षभर पूर्ण पट्टी. … बरी आहेस ना तू? आवाज असा का येतोय? … सर्दी. बरं.

… नाही, मी चिडलेली नाही. … हो, चिडलेय. चिडू नको तर काय करू? तुला माहितीये का, माझी घरपट्टी तुझ्या किती पट आहे? … तिप्पट. छोटे, तिप्पट. यंदा पुन्हा वाढवलीय, त्याच्यासकट. तुझं घर आणि हे घर. बाबांनी दोन्ही प्लॉट एकाच दिवशी घेतले. का, तर दोन्ही पोरी हाकेच्या अंतरावर राहाव्यात. एकाच मिस्त्रीने बांधली, एकाच नकाशावर. जिन्याला पायऱ्या अकरा तुझ्याकडे, अकरा माझ्याकडे. मोरी त्याच कोपऱ्यात, आणि गळतेसुद्धा त्याच जागी. मध्ये काय आहे? कालवा. कालव्यावर पूल. पुलावर त्रेसष्ट पावलं. त्रेसष्ट पावलांत विटेची किंमत तिप्पट कशी होते, हे मला यांच्यापैकी एकाने समजावून सांगावं.

… सोयी? कुठल्या सोयी? अगं तू संध्याकाळी पुलावर उभी राहा एकदा. तुमच्या टोकाला उजेड, आमच्या टोकाला काळोख. हद्द शोधायला नकाशा नको. पाणी एक दिवसाआड, तेही आधी पिवळं. कचऱ्याची गाडी येते तेव्हा लोक दारात येऊन बघतात, पाहुणे आल्यासारखे. तुमच्याकडे बाग आहे, वाचनालय आहे. आणि पट्टी कुणाची जास्त? माझी.

… अहो, रांग इथून आहे. … नाही, ते माझ्या पुढे आहेत, मी फक्त बोलायला बाजूला झालेय. … हां, बोल गं. सदतीस लागला.

… तेच सांगतेय, ऐक. माझ्या शेजारी एक ड्रॉइंगचे मास्तर बसलेत, रिटायर झालेले. त्यांनी फाइलच केलीय, दोन्ही पालिकांचे हिशोब घेऊन. त्यांनी मला दहा मिनिटांत समजावलं, जे या खिडकीने दहा वर्षांत समजावलं नाही. तुमच्या हद्दीत काय आहे? ती गोदामं आहेत, ते सात मजली दुकान आहे. ते भरतात घसघशीत, म्हणून तुमच्या घरांना नाममात्र. आमच्या हद्दीत काय आहे? शाळा आणि सरकारी दवाखाना. शाळेला माफ. दवाखान्याला माफ. मग पालिका चालवायला उरलं कोण? मी. मी आणि ड्रॉइंगचे मास्तर.

… थांब, पुढे ऐक. आणि त्या सात मजली दुकानात खरेदी करतं कोण? आम्हीच की. अख्खी आमची बाजू सकाळी पूल ओलांडून तुमच्याकडे कामाला जाते, येताना तिथेच पिशव्या भरते आणि झोपायला इकडे येते. मी फ्रेमची काच कुठून आणते? तुमच्या गोदामातून. आणि ते ट्रक जातात कुठून? आमच्या शाळेसमोरून. खड्डे आमच्या रस्त्याला, भरायचे आम्ही, आणि ट्रकवाल्यांचा कर तुम्हाला. तू म्हण आता, हे बरोबर आहे म्हणून.

… कायदेशीर आहे ते मला ठाऊक आहे. मी बरोबर आहे का विचारलं. … हो, हो, प्रत्येक पालिकेचा दर वेगळा, ते साहेबही हेच म्हणतात. दर वेगळा असू दे ना. ज्याची जशी गरज, तसा असू दे. पण ज्याच्याकडे कमी त्याच्याकडून जास्त, हा कुठला दर?

… आम्ही तिकडे राहायला यावं? घर डोक्यावर घेऊन येऊ का पुलावरून?

… मास्तर, माझं पाकीट तेवढं बघा हं. … हां. … नाही गं, तुला दोष देत नाही. तू काय करणार, तुझं नशीब पलीकडे निघालं. पण मला यंदा ही निम्मी सवलत हवीय. हवीय म्हणजे हवीचय. … कारण झेरॉक्सवाला. सांगितलं नव्हतं का? तो समोरची खोली भाड्याने मागतोय. मशीन टाकणार, रस्त्याकडे शटर काढणार. सोमवारी त्याला हो की नाही कळवायचंय. … हो, आईचीच खोली. मग दुसरी कुठली आहे रस्त्याकडे? मलाही बरं वाटत नाहीये. पण पूर्ण पट्टी भरायची तर खोली द्यावी लागेल, आणि सवलत मिळाली तर नाही द्यावी लागणार. इतकं सरळ आहे ते.

… सांगितलं ना आईला. मागच्या खोलीत ऊन येतं, संडास जवळ, माझ्या हाकेत राहशील. सगळा पाढा वाचला. नको म्हणते. का नको, तेही सांगत नाही. खुर्ची ओढते आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसते. तिच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीशी भांडायचं.

… अडतीस. … तू पुन्हा टोकन का विचारतेस?

… काय? … पुन्हा सांग, नीट ऐकू आलं नाही. … कुठला फॉर्म?

… थांब. जरा थांब. मी जिन्यात जाते. … आई, मी इथेच आहे, दोन मिनिटं. … छोटी आहे फोनवर. … हो, सांगते, तू विचारलंस म्हणून. … सर्दी झालीय तिला, बाकी बरी आहे.

… हं. आता बोल. सावकाश बोल, आणि सगळं बोल.

… हं. … हं. … मागच्या वर्षी. … डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. तुझ्याकडे होती, आठ दिवस. आठच, छोटे. मला पक्के आठवतात, कारण आठ दिवस साखरेवरून मला कुणी बोललं नव्हतं. … आणि त्या आठ दिवसांत तुझ्या नवऱ्याने तिची सही घेतली. डोळ्याला पट्टी असताना. … एका डोळ्याला. बरं, एका डोळ्याला. म्हणजे फसवणूक अर्धीच झाली म्हणायची.

… आई काही बोलली नाही? … काय म्हणाली? … "तुझं काम होतंय ना, मग दे इकडे." … हो. तिने दुसरं काय म्हणायचं होतं.

म्हणजे आई तुझ्याकडे राहते. तुमच्या पालिकेच्या दप्तरी, कायमची रहिवासी. घरात सत्तरीपुढचं कुणी राहतं असं दाखवलं की तुमच्याकडेही निम्मी माफ, मालक नसलं तरी चालतं… नाही, मी बोलते ते बोलू दे. आता मी बोलणार. नऊ दिवस, छोटे, नऊ दिवस मी त्या कम्प्युटरला शिव्या घालतेय. त्या साहेबांना घालतेय. मास्तरांच्या कानात सांगितलं मी, की या साहेबांना काहीतरी खायला हवंय, दिसतंय तोंडावर. आणि तो बिचारा खरं सांगत होता. या दोन पालिकांना एक रस्ता जोडता येत नाही, एक पाइप जोडता येत नाही, कम्प्युटर मात्र बरे जोडले.

… किती वाचले? … नाही, सांग ना. तुझी पट्टी मुळात माझ्या पट्टीचा तिसरा हिस्सा. त्यातली निम्मी. सांग, किती? … एवढे? … एवढ्यात तुझ्या हॉलचा एक पडदा येत नाही. अगं मागायचे होते माझ्याकडे, मी दिले असते.

… सगळेच करतात? सगळे म्हणजे कोण गं? मी नाही केलं. मास्तरांनी नाही केलं. आणि तुझा नवरा कुठे कामाला आहे? तुमच्याच पालिकेच्या पाणीखात्यात. ज्या घरचा पगार खायचा, त्याच घरच्या कागदावर… जाऊ दे. त्याला फोन दे. … का नाही? … कामावर गेलाय. हो, शूर माणूस. बायकोला फोन करायला लावला आणि आपण कामावर गेला. … काय, पालिकेचं चौकशीचं पत्रही आलं? कधी आलं तुम्हाला? … शनिवारी? आज गुरुवार आहे. शनिवारपासून गप्प होतीस, आणि आज मी आईला तीन जिने चढवून आणल्यावर मला घरी जा म्हणतेस.

… म्हणजे मी हरकत मागे घ्यायची. स्पष्ट बोल ना. मी त्या खिडकीत जाऊन सांगायचं की चुकले हो, माझी आई माझ्याकडे राहत नाही. मग बावीस वर्षं मी नाश्ता कुणाला देतेय, शेजारणीला? तिच्या गोळ्या सकाळच्या पांढऱ्या आणि रात्रीची गुलाबी, तुला माहितीये तरी का कुठली कधी?

… दंड होईल. होऊ दे. … नोकरीवर येईल. … हो, ते मला कळतं. … कळतं गं, मी काही दगड नाही. पोरांची शाळा आहे, कर्ज आहे, सगळं कळतं. पण माझ्याकडेही एक खोली आहे, आणि त्या खोलीत एक म्हातारी आहे, ते तुम्हा दोघांना कधी कळणार होतं?

… काय म्हणालीस? … फरक तू देणार. दरवर्षी. गुपचूप, पाकिटात. … आणि मी ते घ्यायचे? सख्ख्या बहिणीकडून आईचं भाडं घेऊ? असं बोलवलं तरी कसं तुला.

… रडू नकोस. … अगं रडू नकोस म्हटलं ना. … काय? … "कागदावर तरी आई माझ्याकडे असावी असं वाटलं." … हे तुला आज सुचलं की फॉर्म भरताना? … खरं सांग. … हं. … मग त्रेसष्ट पावलं चालून यायचं होतं, छोटे. शेवटची कधी आली होतीस? … फेब्रुवारीत. डबा परत द्यायला. दारातूनच गेलीस. आई खुर्चीवरून उठेपर्यंत तू पुलावर पोचली होतीस.

 

… आणि मी वेडी तासभर मास्तरांसमोर भाषण ठोकतेय. ज्याच्याकडे कमी त्याच्याकडून जास्त, हे बरोबर आहे का म्हणून. मी पालिकेबद्दल बोलत होते गं. मला वाटलं पालिकेबद्दलच बोलतेय.

… काय मास्तर? … एकेचाळीस? लागला? … आले, आले, सांगा त्यांना आले म्हणून. … छोटे, फोन ठेवू नकोस. … नाही, मी अजून काही ठरवलेलं नाही. पण तू फोन ठेवू नकोस. हा असाच चालू राहू दे. ऐक तू पण.

आई, चल. हात दे. … सावकाश. … पिशवी मास्तरांकडे राहू दे, ते बघतील.

साहेब, एकेचाळीस. ही हरकतीच्या अर्जाची प्रत. आणि या माझ्या आई. … हो, याच. … ओळखपत्र हे. … हो, फोटो जुना आहे, तेव्हा दात होते. … मला माहितीये तुमच्या रेकॉर्डला पलीकडचा पत्ता दिसतो. … तो कसा आला ते… साहेब, तुम्ही आईलाच विचारा ना. त्या मालक आहेत. मी कोण सांगणारी?

आई, साहेब विचारतायत, तू राहतेस कुठे. … या कानाने नाही, या कानाने ऐक. तू रा-ह-तेस कुठे. … माझ्याकडे काय बघतेस, त्यांच्याकडे बघ.

… छोटे, ऐकतेयस? आई मला विचारतेय, कुठे सांगू.

… तिला ठाऊक आहे गं. सगळं ठाऊक आहे. तिला फक्त हे विचारायचंय की कुणाला कमी त्रास होईल.

… आई, खरं असेल ते सांग. … हो. … नाही, कुणी रागावणार नाही. सांग तू.

… समोरच्या खोलीत, म्हणतेय. खिडकीपाशी. … साहेब म्हणतायत, आजी, हे नको, कुठल्या हद्दीत ते सांगा. … थांब, ती बोलतेय. … म्हणतेय, हद्द मला कळत नाही. माझ्या खिडकीतून धाकटीची गच्ची दिसते. … गच्चीवर कपडे वाळत पडले की कळतं, पोर घरी आहे, बरी आहे. … मग मी चहा पिते, म्हणतेय.

… मला कधी सांगितलं नाही गं हिने. दोन महिने मी तिला मागच्या खोलीचं ऊन सांगतेय.

… हो साहेब. ऐकतेय. … हो, अलीकडची हद्द. लिहा. बावीस वर्षं, तेही लिहा. … इथे सही? आई, इथे. आज दोन्ही डोळ्यांनी बघून कर. … निकाल कधी? … पंधरा दिवस. बरं. … आणि साहेब, एक विचारू? पलीकडची नोंद काढायला तुमचं पत्र जाणार ना? … किती दिवसांत पोचतं? … तीन आठवडे. पूल तर समोर दिसतोय खिडकीतून. … नाही, तक्रार नाही, यंदा पहिल्यांदाच तुमच्या वेळेबद्दल तक्रार नाही. आणि पत्र पोचायच्या आधी त्यांनी स्वतःच जाऊन नोंद काढली तर? … चूक म्हणून धरतात. मागची सवलत तेवढी भरायची. दंड नाही. … आभारी आहे. मागच्या वेळी जरा जास्त बोलले मी तुम्हाला. … हो, मलाही आठवतंय काय बोलले ते.

… छोटे. आहेस का? … ऐकलंस ना? … रडायला वेळ नाही, बारा वाजलेत. तुमचं ऑफिस पाचला बंद होतं. आजच जा. नवऱ्याची वाट बघू नकोस, नोंद तुझ्या घराची आहे, तूच जा. … हो, घाबरायचं काय त्यात, गादीच्या खुर्च्या आहेत तुमच्याकडे.

… नाही, माफ वगैरे काही केलेलं नाही. रागावलेय मी, आणि चांगली दिवाणखाना भरून रागावलेय, पुरेल बरेच दिवस. आणि सवलत मिळून निम्मी झाली ना, तरी माझी पट्टी तुझ्या पूर्ण पट्टीच्या दीडपट आहे. ते भांडण वेगळं, ते मी आणि मास्तर बघू. … झेरॉक्सवाला? त्याला आजच नाही सांगते. सोमवारपर्यंत कशाला थांबू.

… काय? … येणार आहेस? … ये ना. दार उघडंच असतं. फक्त डबा घेऊन येऊ नकोस, बसायला ये.

आणि हे बघ, ऑफिसला निघायच्या आधी एक कर. गच्चीवर चार कपडे वाळत घालून जा. … अगं धुतलेले नसले तर कोरडेच घाल. मी आईला घेऊन निघालेय, एकपर्यंत ती खिडकीशी येऊन बसेल. ठेवते.